धुरा चालण्यास पुरुष पाहिजे

ज्येष्ठ लागून चार दिवस झाले होते आणि वखराची शेवटची पाळी तेवढी राहिली होती. सकाळी सहाच्या सुमारास मी बैल घेऊन पुढे व माझी माय पाण्याची कळशी घेऊन मागे, असे आम्ही वावरात पोहोचलो, तेव्हा आमचा धुरा जागेवर नव्हता.

आमचे वावर व अंकुरचे वावर यांच्या मधोमध तो दगडी बांध तीस वर्षे उभा होता. त्यावर घाणेरीची झुडुपे व दोन बोरी होत्या. आता तेथे ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे होते आणि उलथलेली काळी माती उन्हात वाळू लागली होती. दगड एका कोपऱ्यात ढीग करून टाकलेले होते. मायने कळशी खाली ठेवली, पायातली चप्पल काढली आणि ती त्या मातीत अनवाणी चालू लागली. थोडे पुढे जाऊन तिने टाचेने जमीन दाबली.

"इथी होता," ती म्हणाली. "खालची माती अजून घट्ट हाय."

अंकुर मोटारसायकलवरून आला. वयाने माझ्याहून आठ वर्षांनी लहान. लहानपणी त्याला मी खांद्यावर घेऊन बैलपोळा दाखविला होता. त्याने गाडी बंद न करताच म्हटले, "अश्वजितभाऊ, रागावू नोका. सातबारा पाहून घ्या. माही जमीन सहा ओळी तुमच्याकडं गेली हाय. म्या माही घेतली."

"धुरा कोनाले इचारून मोडला?"

"माह्या बापाच्या जमिनीत कोनाले इचारू?"

"तुह्या बापानंच थो घातला, लेका," माय म्हणाली.

"मावशी, तुम्ही पानी पाजा बैलायले," असे तो हसून म्हणाला आणि गाडी वळवून निघून गेला. कपाशीच्या सहा ओळी म्हणजे फार नव्हेत, असे परगावच्या मनुष्यास वाटेल. परंतु त्या सहा ओळी नाल्याकाठच्या गाळाच्या होत्या. संपूर्ण वावरात जेथे पाऊस ओढला तरी पऱ्हाटी सुकत नाही, अशी तेवढीच पट्टी आमच्याजवळ होती.

हकीकत अशी होती. चौऱ्याण्णव सालच्या पुरात नाल्याने पात्र बदलले. आमच्या वावराची पूर्वेकडील सहा ओळींची जमीन नाल्याखाली गेली आणि जुने पात्र गाळाने भरून तेवढीच नवी जमीन अंकुरच्या बापास, तुळशीरामकाकांस, मिळाली. ते न्यायी गृहस्थ होते. त्यांनी, माझ्या बापाने व गावातील आणखी तिघांनी धुऱ्यावर बसून निर्णय केला की, धुरा सहा ओळी तुळशीरामकाकांच्या बाजूने सरकवावा. कागद झाला नाही. पाच पुरुषांनी शब्द दिला आणि त्या पाचांच्या बायकांनी नाल्यातले दगड टोपल्यांनी वाहून तीन दिवसांत नवा धुरा रचला. मी त्या वर्षी दिग्रसला मामाकडे शाळेत होतो. म्हणून मी ऐकून जाणतो, पाहून नाही.

भूमापन कार्यालयात गेलो. मोजणीची तारीख दिवाळीनंतरची मिळाली. पेरणी तोंडावर असताना दिवाळीची तारीख घेऊन मनुष्याने काय करावे? शिवाय मोजणी जुन्या नकाशाप्रमाणे होणार, आणि त्या नकाशावर नाला अजून जुन्याच जागी वाहत होता. म्हणून मी गावचे पोलीस पाटील लखीराम राठोड यांच्याकडे गेलो. त्यांनी अंकुरलाही बोलावून घेतले.

"धुरा चालून घ्या," लखीरामभाऊ म्हणाले. "पेरनीच्या पहिले. दोघायलेही मान्य?"

आम्ही दोघांनी मान्य केले. आमच्या भागातील ही जुनी रीत आहे. वादाच्या जमिनीतील ढेकूळ डोक्यावर घेऊन एका वयोवृद्ध पुरुषाने अनवाणी चालावे. तो जेथून चालेल तो धुरा. चालणाऱ्याने त्या शिवारात स्वतः नांगर धरलेला असावा, त्याचे वय आमच्या बापांच्या पिढीचे असावे आणि दोन्ही पक्षांपैकी कोणी त्यास आधी काही सांगू नये. खोटे चालणारा पुढची पेरणी पाहत नाही, असे मानतात. ढेकूळ एकदा खाली ठेवले की ते पुन्हा उचलले जात नाही.

घरी येऊन मी हे सांगितले. माय तुरीची डाळ पाखडत होती. तिने सूप बाजूस ठेवले.

"मी चालतो," ती म्हणाली.

"तू?"

"काहून? त्या धुऱ्याचा एकेक दगड माह्या डोक्यावरून गेला. डोये बांधले तरी चालतो."

माझी पत्नी वर्षा चुलीपुढून म्हणाली, "आत्याबाई खरं म्हनून राह्यल्या. त्यायलेच चालू द्या ना."

"बाईमानूस धुरा चालत नाई," मी म्हणालो. "बाई परगावची. लग्न करून आलेली. या मातीची नाई."

"एक्कावन वर्सं झाले मले या मातीत," माय म्हणाली. "तुहा बाप या मातीत बावन वर्सं राह्यला. एका वर्साचा फरक हाय."

दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीत गेलो आणि तेथे संगणकावर काम करणाऱ्या निकितास मतदार यादी काढावयास सांगितले. सत्तरीच्या आसपासचे पुरुष मला पाहिजे होते. ती पडद्यावर बोट फिरवीत वाचू लागली. सत्तरीच्या बायका एकतीस निघाल्या. पुरुष सात.

"सातही चालतीन का पाहू," मी म्हणालो.

"हे दोघं वारलेले हायेत, काका. नाव काढायचं राह्यलं. हा लकव्यानं पडून हाय. हे बाभुळगावले पोरीकडं, कोनाले वयखत नाईत. हे तं जावयाकडं राह्याले आलेले, दहा वर्सांपहिले. अन् हे देवळातले महाराज, यायनं नांगर कधी धरला?"

"म्हंजे एकच राह्यला."

"सदाशिवराव. पन थे लोहाऱ्याले राह्यतात ना?" तिने यादी पुन्हा वर सरकविली. "काका, आमच्या पुस्तकात होतं. गरीब देशांत बी बाया पुरुषांपेक्षा जास्त जगतात. तीन-चार वर्सं."

"तीन-चार? माही माय एकवीस वर्सांपासून रांडव हाय."

"थे सरासरी असते, काका."

सरासरी म्हणजे काय ते मला ठाऊक आहे. परंतु त्या वेळी मला त्या मुलीचाच राग आला, जणू काही ती यादी तिनेच तयार केली होती. एकतीस बायका. त्यांतील निदान पाच जणींनी तो धुरा हाताने रचलेला. आणि मला एक पुरुष मिळत नव्हता.

सदाशिवराव यवतमाळलगतच्या लोहाऱ्यास औद्योगिक वसाहतीजवळ दोन खोल्यांच्या घरात राहत होते. सत्याऐंशी साली ते गाव सोडून तेथील कारखान्यात चौकीदार म्हणून लागले व तेथूनच निवृत्त झाले. दार त्यांनी स्वतः उघडले. पाठ ताठ, दात शाबूत, तळपाय गुलाबी. माझ्या बापाचे ते बालमित्र होते. माझा बाप आज असता तर असा दिसला असता, हा विचार मनात आला आणि मी खाली बसलो.

चहा घेताना त्यांनी जुन्या सोबत्यांपैकी एकेकाचे नाव घेऊन विचारले; पुरानंतर धुऱ्यावर बसलेले नेमके तेच पाच जण.

"फुलसिंग कसा हाय?"

"गेला. दारूनं पोट फुगलं होतं. त्याचाच पोरगा लखीराम आता पोलीस पाटील हाय."

"कवडू?"

"तोंडाचा कॅन्सर. तंबाखूचा खर्रा सुटला नाई."

"तुळशीराम तं मजबूत गडी होता बाप्पा."

"कपाशी फवारत होता. वारा तोंडावर होता. तीन दिवस राह्यला दवाखान्यात."

"बळीराम?"

"पाय ठेचला होता कुऱ्हाडीनं. हयद लावली. धनुर्वात झाला."

सदाशिवरावांनी बशी खाली ठेवली. "अन् तुह्या बापाचं, उकंडाचं मले मालूम हाय. पन झालं काय होतं त्याले?"

"छातीत दुखे. कापूस येचून होऊ द्या, मंग दवाखान्यात जातो म्हने."

"अन् यायच्या बाया?"

"पाचही हायेत."

त्यांनी बशी उचलून उरलेला चहा संपविला. मग म्हणाले, "मी गाव सोडलं तवा सारे मले हसले होते. दुसऱ्याच्या दारात सलाम ठोकाले चालला म्हने."

"काका, आमचा धुरा चालाचा हाय. आठवते का तुमाले?"

"आठवते का म्हंजे? त्या धुऱ्यावर तुहा बाप अन् मी भाकर खाल्ली हाय. डोये मिटून चालीन."

मला अतिशय आनंद झाला. नियमाप्रमाणे त्यांना पुढे काही सांगावयाचे नव्हते, म्हणून मी नाल्याविषयी एक शब्दही काढला नाही. मी प्रामाणिक राहिलो. नाला बदललेला समोर दिसेलच, तो पाहून ते समजतील, अशी मी आपली समजूत करून घेतली.

संध्याकाळी जेवताना माय म्हणाली, "सदाशिवभाऊ सत्याऐंशीत गेले. नाला चौऱ्याण्णवात फुटला."

"थे खोटं चालनार नाईत."

"खोटं नाईच चालनार. खरं चालतीन. पन जुनं."

ती सांगत होती ते मला कळत नव्हते असे नाही. परंतु आता मागे फिरून लखीरामभाऊंस काय सांगावे? पुरुष चालत नाही, माझी माय चालेल? लोक हसले असते. मी म्हणालो, "माय, तुले यातलं समजत नाई. तू चूप राह्य."

तिने ताट सरकविले व हात धुतले.

ठरलेल्या दिवशी सकाळी आठ वाजताच ऊन टोचू लागले होते. पंधरावीस पुरुष वावरात जमले. बायका दूर बोरीच्या तुटलेल्या खोडापाशी उभ्या होत्या. त्यांत माझी माय, लखीरामभाऊंची आई रामीबाई आणि अंकुरची आई वच्छलाबाई या तिघी होत्या. वच्छलाबाई अंगाने अगदी लहान झाल्या आहेत. लुगड्यातच हरवून जातील अशा.

लखीरामभाऊंनी ढेकूळ निवडले. सदाशिवरावांनी बूट काढले, पांढरे मोजे घडी करून बुटांत ठेवले, डोक्यावर दुपट्ट्याची चुंबळ केली आणि ढेकूळ घेतले. पहिल्याच पावलाला त्यांचा चेहरा आकसला; तळव्यांस सवय राहिली नव्हती. तरीही ते चालू लागले. दहा पावले ते सरळ गेले. मग दक्षिणेकडील कडुनिंबाच्या झाडाकडे त्यांनी पाहिले, आणि माझ्या वावरात सहा ओळी आत शिरले.

मागून लखीरामभाऊ चुन्याची फक्की टाकीत होते. पांढरी रेघ माझ्या वखरलेल्या मातीवरून पुढे सरकू लागली. अंकुरने कंबरेवर हात ठेवले.

"सदाशिवभाऊ!" मायचा आवाज आला. "थो जुना धुरा हाय! नाला फुटल्यावर सरकला थो!"

सदाशिवराव थबकले, परंतु मान हलवता येईना. ढेकूळ पडले असते.

"चालनाऱ्याशी बोलू नोका!" लखीरामभाऊ ओरडले. "नेम हाय!"

"नेम माह्या ध्यानात हाय. दगड बी ध्यानात हायेत. पाचजनी होतो आमी. इचार तुह्याच मायले!"

सर्व पुरुष रामीबाईंकडे वळले. रामीबाईंनी हाताने ऊन अडविले आणि म्हणाल्या, "वाह्यले म्या दगड. माह्या पाटीत होते."

"याडी, तू घरी जा," लखीरामभाऊ आपल्या आईस हळू आवाजात म्हणाले. "इथी चार लोकं उभे हायेत."

"लोकंच तं पाह्यून राह्यली मी. यातला तवाचा एकही नाई."

कोणीतरी हसले. मागून एक जण म्हणाला, "एकतीस बुढ्या हायेत गावात. साऱ्यायले चालवा, मंग एकतीस धुरे निघतीन." त्यावर सगळेच हसले.

मायने आता वच्छलाबाईंचा हात धरला. "वच्छला, तू सांग. तुह्याच नवऱ्यानं पहिला दगड ठेवला. सांग ना व."

वच्छलाबाईंनी अंकुरकडे पाहिले. त्याने फक्त आईकडे पाहिले. ज्या घरात त्यांस दोन वेळा ताट मिळते ते घर त्या दृष्टीत होते. त्यांनी हात सोडवून घेतला आणि पदर कपाळावर ओढला.

आणि मग मी काय केले? मी सर्वांसमोर म्हणालो, "माय, चूप बस. शोभा करू नोको."

नेमाला धरून सदाशिवराव पुन्हा चालू लागले. शेवटी वावराच्या पूर्वेकडील टोकास पोहोचून त्यांनी गुडघे वाकविले आणि ढेकूळ खाली ठेवले. त्यांच्या टाचेतून रक्त येत होते. उभे राहून त्यांनी प्रथमच नाल्याकडे पाहिले.

"हा नाला इथी कसा?" ते म्हणाले. "हा तं तिकडं होता."

अंकुरने खिशातून मोटारसायकलची चावी काढली.

"लखीराम, नाला सरकला असंन तं धुरा बी..."

"काका, ढेकूय ठेवलं तुमी," लखीरामभाऊ म्हणाले. ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांचाही चेहरा उतरला होता. "आता उचलता येत नाई."

सदाशिवरावांनी माझ्याकडे पाहिले. "लेका, मले सांगतलं काहून नाई?"

"सांगाचं नसते, काका."

त्यांनी बूट हातातच घेतले आणि लंगडत रस्त्याकडे निघाले. मी त्यांना यवतमाळच्या गाडीत बसवून दिले.

मृगाचा पाऊस तीन दिवस चांगला झाला आणि शिवारात सरकी टोबण्याची घाई उडाली. आमच्याकडे मी दोरी धरून ओळ आखीत होतो, माय व वर्षा वाकून बोटाने माती उकरून बी टाकीत होत्या. चुन्याची रेघ पावसाने धुऊन गेली होती. अंकुरने तेथे तार ओढली होती. पलीकडे त्याची बायको, दोन मजुरीच्या बाया व वच्छलाबाई टोबत होत्या. शेवटच्या सहा ओळी वच्छलाबाईंकडे आल्या. त्या एकट्याच वाकून हळूहळू चालत होत्या. हात कमरेच्या ओटीत जाई, मग जमिनीपाशी जाई, माती सारली जाई. दुपारभर त्यांनी ते केले. माय आपले काम थांबवून दोनदा तारेपलीकडे पाहत उभी राहिली.

"काय पाहून राह्यली?" मी विचारले.

"काई नाई. कंबर धरली."

सातव्या दिवशी सगळीकडे सरकी उगवली. दोन पानांचे हिरवे टिपके ओळीने दिसू लागले. अंकुरच्या वावरातही उगवली. फक्त तारेलगतच्या सहा ओळी काळ्या होत्या. एकही बी वर आले नव्हते.

अंकुर मोटारसायकल टाकून त्या ओळींत बसला आणि काडीने माती उकरू लागला. त्याने बियाण्याच्या दुकानदारास बोलावून आणले. दुकानदारानेही उकरले.

"बी खराब असतं तं सारं वावर गेलं असतं," तो म्हणाला. "इथी बीच नाई, भाऊ. कुजलेलं बी नाई. कोनं टोबलं?"

"माह्या मायनं."

दुकानदार उभा राहून गुडघे झटकू लागला. "बुढ्या मानसाचा हात हाय. थरथरते. बी भलतीकडंच पडते."

वच्छलाबाई धुऱ्याच्या दगडांच्या ढिगावर बसल्या होत्या. त्या उठल्या. आम्ही तारेच्या अलीकडे निंदत होतो. आम्हांस सर्व स्पष्ट ऐकू येत होते.

"हात थरथरत नाई माहा," त्या म्हणाल्या. "म्या टाकलंच नाई."

"काय?"

"बी टाकलंच नाई. नुसती माती सारली. हे वावर आपलं नाई, अंकुर. तुह्या बापानं देल्लं हाय. म्या दगड वाह्यले."

त्यांनी ओटीची गाठ सोडली. चिमूट-चिमूट करून राखलेली सगळी सरकी त्यांनी मुलापुढे धरली. माझ्या हातातले खुरपे थांबले. मला वाटले, आता तो तारेपाशी येईल. आता तरी येईल.

अंकुरने त्या बियांकडे पाहिले, मग दुकानदाराकडे पाहिले आणि त्याच्या चेहऱ्यावरचा ताण निघून गेला. तो हसला. "पाह्यलं का, भाऊ? तीन-चार महिन्यांपासून असंच करून राह्यली. काल म्हने म्या जेवलीच नाई, अन् जेवली होती."

"नोती जेवली मी," वच्छलाबाई म्हणाल्या.

"वयामानानं होते," दुकानदार म्हणाला. "माही आजी बी भुलली होती. जपाले लागते."

अंकुरने आईच्या ओंजळीतील सरकी अलगद आपल्या हातात घेतली. रागाने नव्हे, लहान मुलाच्या हातून एखादी वस्तू काढून घ्यावी तशी. "माय, आता तू वावरात येत नोको जाऊ. घरी बस. तुले काय कमी हाय? वर्सांमागं वर्सं राबली, आता आराम कर." आणि त्याने बायकोस हाक मारली, "मायले घरी ने व. एकटी सोडू नोको."

सून आली. तिने सासूचा दंड धरला. वच्छलाबाईंनी एकदा तारेपलीकडे, माझ्या मायकडे पाहिले. मग दोघी पांदणीने गावाकडे निघाल्या; एक झपाझप आणि एक ओढल्यासारखी. अंकुर गुडघ्यांवर बसून पहिल्या ओळीत बी टाकू लागला. माती ओली होती. सात-आठ दिवसांत ते उगवणार, हे कोणीही सांगितले असते.

मी मायजवळ जाऊन बसलो. मला तिला पुष्कळ सांगावयाचे होते. यादीविषयी, लोहाऱ्याविषयी, त्या दिवशी वावरात जे बोललो त्याविषयी. तोंडातून एवढेच निघाले, "चाल, सावलीत बस जरा."

मायने मान वर केली नाही. ती खुरप्याने तण उपटीत होती, मुळे झटकीत होती आणि बाजूस टाकीत होती.

"वच्छलाची माय पंच्याण्णव वर्सं जगली. वच्छला तं अजून सत्तरीतच हाय," ती म्हणाली आणि पुढच्या ओळीत सरकली.